चार मार्कांचं उत्तर

फेब्रुवारी २०२३ चा शेवटचा आठवडा. फर्स्ट शिफ्ट करून मी साडेचारला घरी आले, तर आप्पा गव्हाच्या बांधावर उकिडवे बसलेले. ऊन असं, की मार्चअखेर वाटावी. त्यांनी एक ओंबी तोडली, तळहातावर चोळली, फुंकर मारून भुसा उडवला आणि हात माझ्यापुढं धरला. दाणे होते, पण चिमलेले. मधली खाच खोल गेलेली, पोट भरलेलंच नाही.

"तू झाडांचंच शिकलीस ना?" आप्पा म्हणाले. "मग सांग. पाणी दिलं, खत दिलं, रोग नाय, किडा नाय. मग हे असं का?"

"उष्णता," मी म्हणाले.

"ते मलाबी कळतं. उष्णतेनं काय होतं, ते सांग."

मला सांगता आलं नाही. एम.एस्सी. बॉटनी, फर्स्ट क्लास, आणि माझ्याच रानातल्या गव्हाबद्दल मला एका शब्दापलीकडं जाता येईना. आप्पांनी ते दाणे तोंडात टाकले आणि उठून मोटार बंद करायला गेले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आमचं गाव सुपा. पारनेर तालुका, पुणे-नगर रस्त्यावर. तुम्ही या रस्त्यानं गेला असाल तर तुम्हाला एमआयडीसी आठवेल, हायवेवरची हॉटेलं आठवतील, लांब डोंगरावर फिरणाऱ्या पवनचक्क्या आठवतील. शेती आठवणार नाही, कारण रस्त्यावरून ती फारशी दिसत नाही. हा पर्जन्यछायेतला भाग. पावसाळ्यात मूग, वाटाणा, बाजरी, विहिरीला पाणी असलं तर कांदा, हिवाळ्यात ज्वारी, आणि जमलं तर घरापुरता गहू. आईला गहू विकत आणायचा म्हणजे कमीपणा वाटतो. म्हणून एक एकर गहू दरवर्षी ठरलेला. नेहमी बारा-तेरा क्विंटल होतो. त्या वर्षी आधीचा कांदा उशिरा निघाला, त्यामुळं पेरणी डिसेंबरात गेली, आणि दाणा भरायच्या वेळेला ऊन आलं. तो फेब्रुवारी देशाच्या सरासरी कमाल तापमानाच्या हिशेबात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला, हे नंतर बातम्यांत वाचलं. आमच्या एकरात सात क्विंटल गहू झाला.

*

त्या रात्री मी कपाटाच्या वरच्या खणातून जुन्या वह्या काढल्या. धूळ झटकली. प्लांट फिजिऑलॉजीच्या वहीत एक प्रश्न लाल पेनानं चौकटीत होता, कारण तो दर वर्षाआड परीक्षेला यायचा: प्रकाशश्वसन म्हणजे काय? चार मार्क.

माझं उत्तर पाठ होतं, अजूनही आहे. 'प्रकाशश्वसन ही एक अपव्ययी प्रक्रिया आहे. यात प्रकाशाच्या उपस्थितीत वनस्पती ऑक्सिजन घेतात व कार्बन डायऑक्साइड सोडतात. यातून एटीपी किंवा साखर मिळत नाही. सी-थ्री वनस्पतींमध्ये ती आढळते, सी-फोर वनस्पतींमध्ये जवळजवळ आढळत नाही.' खाली एक आकृती, तीन गोल, त्यांना जोडणारे बाण. चारपैकी चार.

'अपव्ययी' या शब्दाखाली मी तेव्हा दुहेरी रेघ मारली होती. आता तो शब्द वाचताना जरा टोचला. एम.एस्सी.नंतर तीन वर्षं मी पुण्यात स्पर्धा परीक्षा दिल्या. एकदा पूर्वपरीक्षा निघाली, मुख्य गेली. दुसऱ्यांदा पूर्वही गेली. तिसऱ्या वर्षी जाहिरातच लांबली. मग घरी परत आले आणि इथल्याच एका कंपनीत क्वालिटीला लागले. प्लास्टिकचे सुटे भाग तपासायचे. गावात कुणी विचारलं की नातेवाईक माझ्या देखत सांगायचे, "तीन वर्षं वाया घातली पोरीनं, पण आता लागली बाई मार्गाला." वाया. अपव्यय. एकाच अर्थाचे दोन शब्द, एक पेपरातला आणि एक ओट्यावरचा.

तर मी पुन्हा वाचायला लागले. कुठल्या परीक्षेसाठी नाही, आप्पांना उत्तर द्यायचं होतं म्हणून. सुरुवातीला फोनवर, बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. आणि वाचता वाचता लक्षात आलं, की मला चार मार्क मिळालेलं उत्तर चूक नव्हतं, पण अर्धवट होतं. आणि जे अर्धं राहिलं होतं, तेच खरं महत्त्वाचं होतं.

*

सुरुवात एका विकरापासून करावी लागते. विकर म्हणजे एन्झाइम. शाळेत जठरातली विकरं शिकलो, तीच जात. पानात एक विकर आहे, त्याचं नाव रुबिस्को. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून त्याला साखरेच्या वाटेला लावायचं काम याचं. आपण जे जे खातो, भाकरी, चपाती, दूध, मटण, त्यातला जवळजवळ प्रत्येक कार्बनचा अणू कधी ना कधी कुठल्या तरी पानातल्या किंवा शेवाळातल्या रुबिस्कोच्या हातातून गेलेला असतो. पृथ्वीवर सर्वांत जास्त प्रमाणात असलेलं प्रथिन हेच असावं, असं मानतात. गव्हाच्या पानातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्याच्या आसपास एवढं एकच असू शकतं.

इतकं लागतं, कारण ते फार मंद आहे. इतर विकरं सेकंदाला शेकडो-हजारो वेळा काम करतात. रुबिस्को सेकंदाला तीनेक वेळा. म्हणजे आमच्या लाईनवरचा तो कामगार, जो दिवसभरात मोजके पीस काढतो, म्हणून मॅनेजरनं त्याच्याच जोडीला अजून पन्नास जण उभे केलेत.

मंदपणा एक वेळ परवडला असता. दुसरी अडचण मोठी आहे. रुबिस्कोला कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांत पक्का फरक करता येत नाही. दोन्ही रेणू लहान, दोन्हींवर विद्युतभार नाही, पकडायला खास अशी खूण नाही. हवेत दर दहा लाख रेणूंमागे ऑक्सिजनचे सुमारे २ लाख १० हजार असतात आणि कार्बन डायऑक्साइडचे जेमतेम ४२०. पाचशेला एक. पानातल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनपेक्षा जास्त विरघळतो, म्हणून आत हे प्रमाण बरंच सुधारतं. तरीही २५ अंश तापमानाला रुबिस्को साधारण चारातून एकदा चुकून ऑक्सिजन पकडतं.

हे असं का, याचं कारण जुनं आहे. रुबिस्को घडलं तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच. तो नंतर, सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीपासून साठायला लागला, आणि साठला तोही प्रकाशसंश्लेषणामुळंच. म्हणजे याच विकराच्या जोरावर जगणाऱ्या जिवांनी सोडलेल्या ऑक्सिजननं पुढं याचंच काम अवघड केलं. मग इतक्या काळात उत्क्रांतीनं ते सुधारलं कसं नाही? थोडं सुधारलं. पण वेगवेगळ्या जिवांतली रुबिस्को तपासली, तर बहुतेक वेळा असं दिसतं, की जी जास्त नीट निवड करतात ती आणखी मंद असतात. चोखपणा वाढवला की वेग जातो. क्वालिटी खात्यात काम करणाऱ्या कुणालाही हे वेगळं समजवावं लागणार नाही.

*

आता चूक झाल्यावर पुढं काय होतं, ते. माझ्या वहीतले तीन गोल म्हणजे तेच.

रुबिस्कोनं ऑक्सिजन पकडला की दोन कार्बनचा एक निरुपयोगी रेणू तयार होतो: फॉस्फोग्लायकोलेट. निरुपयोगी म्हणणं कमीच, तो घातक आहे. तो साठला तर साखर बनवणाऱ्या साखळीतल्या दुसऱ्या विकरांना अडवतो. थोडक्यात, रिजेक्ट पीस लाईनवरच साचून राहिला तर पुढचं मशिनही थांबतं.

आमच्या कंपनीत रिजेक्ट पीस लगेच भंगारात टाकत नाहीत. आधी 'रिवर्क'ला जातो. तिथं चार बायका बसतात. कडेला आलेलं जास्तीचं प्लास्टिक ब्लेडनं कापायचं, भोक बुजलं असेल तर मोकळं करायचं, पुसायचं आणि परत तपासणीला पाठवायचं. जे अगदीच दुरुस्त होत नाही, ते ग्राइंडरला. माझं टेबल त्यांच्या शेजारीच आहे. एके दिवशी मासिक मीटिंगमध्ये कुणीतरी साहेब म्हणाले, "रिवर्क म्हणजे शुद्ध वेस्टेज आहे." त्या चौघी तिथंच उभ्या होत्या. त्यातली एक मागून हळूच म्हणाली, "चूक मशिनची, नाव आमचं."

मला प्रकाशश्वसन खऱ्या अर्थानं कळलं ते त्या वाक्यानं.

पानातला रिवर्क तीन खोल्यांत चालतो. पहिली खोली हरितलवक, जिथं चूक झाली. तिथं त्या घातक रेणूचा फॉस्फेट काढून टाकतात आणि उरतं ते ग्लायकोलेट. ते बाहेर पडून दुसऱ्या खोलीत जातं, पेरॉक्सिझोममध्ये. तिथं ग्लायकोलेट ऑक्सिडेज नावाचं विकर त्याचं रूप बदलतं, पण त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. हे तुम्ही पाहिलंय. गुडघा फुटल्यावर दवाखान्यात ओततात आणि पांढरा फेस येतो, तेच. तो फेस येतो कारण आपल्या रक्तात कॅटालेज हे विकर असतं; ते पेरॉक्साइड फोडून पाणी आणि ऑक्सिजन करतं. पानाच्या या दुसऱ्या खोलीत कॅटालेज खच्चून भरलेलं असतं, आणि ते जगातल्या सर्वांत वेगवान विकरांपैकी एक आहे. फेस दिसत नाही इतकंच.

तिथून निघालेलं ग्लायसिन तिसऱ्या खोलीत, तंतुकणिकेत, जातं. तिथं दोन ग्लायसिनचं एक सेरिन होतं. यातच नुकसान आहे: एक कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि एक अमोनिया सुटतो. अमोनिया वाया जाऊ देणं झाडाला परवडत नाही, म्हणून ऊर्जा खर्चून तो परत पकडावा लागतो. मग सेरिन पुन्हा पेरॉक्सिझोममध्ये, तिथून ग्लिसरेट होऊन पुन्हा हरितलवकात, आणि तिथं ते नेहमीच्या साखळीत सामील होतं. रिवर्क पास.

हिशेब मांडा. दोन चुका म्हणजे दोन-दोन असे चार कार्बन भलत्या वाटेला गेले. त्यातले तीन परत आले, एक हवेत गेला. चारातले तीन वाचवले.

मग अपव्यय कोणता? चूक रुबिस्कोची. प्रकाशश्वसन ती चूक निस्तरतं. आणि ते बंद पाडलं तर काय होतं, हेही शास्त्रज्ञांनी करून पाहिलंय. १९७९ पासून क्रिस सॉमरव्हिल आणि विल्यम ओग्रेन यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय इथं, मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या झाडात, या साखळीतलं एकेक विकर निकामी असलेली रोपं शोधली. जास्त कार्बन डायऑक्साइडच्या पेटीत ती छान वाढायची. साध्या हवेत ठेवली की पिवळी पडायची, मरायला टेकायची. पुढं बार्लीतही कॅटालेज नसलेली रोपं सापडली, त्यांचंही तेच झालं. म्हणजे आपण ज्याला अपव्यय म्हणतो, त्याच्याशिवाय गहू आजच्या हवेत उभाच राहू शकत नाही.

माझ्या वहीत हे कुठंच नव्हतं. किंवा सरांनी सांगितलं असेल आणि मी मार्कांपुरतं लिहून घेतलं असेल. तेही शक्य आहे.

*

आता आप्पांचा प्रश्न. उष्णतेनं काय होतं?

दोन गोष्टी होतात. पाणी तापलं की त्यात विरघळलेले वायू कमी होतात, पण कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनपेक्षा भरभर कमी होतो. आणि तापमान वाढलं की रुबिस्कोची मुळातच कच्ची असलेली निवड आणखी बिघडते. त्यात जमीन वाळलेली असली की तिसरी गोष्ट. पाणी वाचवायला झाड पर्णरंध्रं मिटून घेतं. बाहेरून नवा कार्बन डायऑक्साइड येत नाही. आत असलेला संपत जातो, आणि ऑक्सिजन तर पान स्वतःच तयार करत असतं. दारं बंद, आत गर्दी चुकीच्या पाहुण्यांची. चुका वाढतात, रिवर्क वाढतो, आणि प्रत्येक रिवर्कला ऊर्जा लागते, प्रत्येक दोन चुकांमागं एक कार्बन जातो.

सगळं खापर यावर फोडता येणार नाही. उष्णतेनं गहू घाईनं पिकतो, दाणा भरायचे दिवसच कमी होतात. गरम रात्री झाडाचं साधं श्वसन वाढतं, म्हणजे दिवसाची कमाई रात्री खर्च. आमच्या गव्हात कुणाचा वाटा किती, ते मला सांगता येणार नाही. पण प्रकाशश्वसन किती महाग पडतं याचा अमेरिकेतल्या पिकांसाठी शास्त्रज्ञांनी काढलेला अंदाज आहे: सोयाबीनच्या उत्पादनात सुमारे ३६ टक्के आणि गव्हाच्या उत्पादनात सुमारे २० टक्के घट. तीही त्यांच्या हवेत. आमच्या फेब्रुवारीत नव्हे.

*

आमच्या गव्हाच्या पलीकडच्या तुकड्यात ज्वारी होती. त्या आठवड्यात तिची काढणी चालू होती. मालदांडी, आजोबांच्या काळापासून तीच. हिची निवड सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात झाली. आता राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले वसुधा, फुले रेवती असे नवे वाणही लोक लावतात, पण आईच्या मते भाकरी मालदांडीचीच.

ज्वारीतही रुबिस्को आहे, आणि तेही ऑक्सिजनला चुकतंच. पण ज्वारीनं त्याला एकटं सोडलेलं नाही. पानाच्या बाहेरच्या पेशींत ती दुसरं विकर ठेवते, पेप कार्बोक्सिलेज. याला ऑक्सिजन दिसतच नाही. ते फक्त कार्बन डायऑक्साइड उचलतं, अगदी थोडा असला तरी. उचललेला कार्बन चार कार्बनच्या रेणूत बांधून शिरांभोवतीच्या आतल्या पेशींत पाठवतं. रुबिस्को बसवलंय ते तिथं, आत. तिथं पोचल्यावर गाठोडं सुटतं आणि रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइडची इतकी दाटी होते, की ऑक्सिजनला शिरायला जागाच उरत नाही. चार कार्बनचं गाठोडं म्हणून सी-फोर. गव्हात पहिला टिकाऊ रेणू तीन कार्बनचा, म्हणून सी-थ्री.

हा शोध लागला तो उसामुळं. हवाईमध्ये ऊसावर काम करणाऱ्यांना आधी विचित्र निकाल मिळाले, आणि १९६६ साली हॅच आणि स्लॅक या दोघांनी ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये, एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत, ही साखळी मांडून दाखवली. नगर जिल्ह्याला ऊस आणि साखर काही नवी नाही. प्रवरानगरचा सहकारी कारखाना याच जिल्ह्यातला. पण आमच्या पारनेरच्या कोरड्या बाजूला सी-फोर म्हणजे ऊस नाही. ज्वारी, बाजरी, मका. गरिबाचं सी-फोर. पर्णरंध्रं अर्धवट मिटूनही यांचं भागतं, म्हणून तेवढंच पीक काढायला यांना गव्हापेक्षा बरंच कमी पाणी लागतं. ऊस मात्र वर्षभर रानात उभा राहून ती सगळी बचत पिऊन टाकतो.

फुकट काहीच नाही. गाठोडं बांधायला आणि सोडायला जास्तीची ऊर्जा लागते. थंड, ढगाळ हवेत, जिथं रुबिस्को मुळातच कमी चुकतं, तिथं हा खर्च अंगावर येतो आणि गहूच सरस ठरतो. गहू मूर्ख आणि ज्वारी हुशार असं नाही. गहू दुसऱ्या हवेचं पीक आहे, आणि आम्ही त्याला आमच्या हवेत बोलावलंय. दर वर्षी ही हवा त्याच्यापासून थोडी आणखी लांब जातेय.

आणि ज्वारी त्या वर्षी वाचली ती फक्त सी-फोर म्हणून नाही. ती सप्टेंबरच्या ओलीवर पेरलेली, ऑक्टोबरच्या उन्हात वाढलेली, आणि फेब्रुवारीचं ऊन यायच्या आत दाणे भरून मोकळी झालेली होती.

*

बांधावर अजून एक झाड होतं, कुणी न पेरलेलं. काँग्रेस गवत. आई दर वर्षी ते उपटते आणि दर वर्षी तिच्या मनगटावर पुरळ उठतं. हे गवत भारतात पसरू लागल्याची पहिली नोंद आपल्या पुण्यातली, १९५५ ची.

हे झाड गहू आणि ज्वारी यांच्या अधेमधे बसतं, हे वाचून मी चकितच झाले. चार कार्बनची सगळी यंत्रणा त्याच्याकडं नाही. पण रिवर्कची ती तिसरी खोली, जिथं ग्लायसिन फुटून कार्बन डायऑक्साइड सुटतो, ती अशा अधल्यामधल्या झाडांनी मुख्यतः आतल्या पेशींत हलवलेली असते. त्यामुळं सुटलेला कार्बन लगेच बाहेर जात नाही. आतलंच रुबिस्को त्यातला काही पुन्हा पकडतं. चूक होऊ द्यायची, पण भंगार घरातच ठेवायचं. शास्त्रज्ञांना वाटतं, की सी-थ्रीपासून सी-फोरपर्यंतचा प्रवास अशाच पायऱ्यांनी झाला असावा. आणि तो एकदा नाही, वेगवेगळ्या कुळांत साठाहून जास्त वेळा स्वतंत्रपणे झाला. म्हणजे ज्वारीला जे जमलं त्याची सुरुवात रिवर्कच्या खोलीची जागा बदलण्यातून झाली. ज्याला मी दुहेरी रेघ मारून अपव्यय म्हटलं, त्यातूनच.

माणसांनीही आता हेच चालवलंय. २०१९ मध्ये इलिनॉयच्याच एका गटानं तंबाखूच्या झाडात ग्लायकोलेटसाठी नवा, जवळचा रस्ता बांधला. तीन खोल्यांची वारी नको, हरितलवकातच काम संपवायचं. त्यासाठी एक जनुक शेवाळाचं घेतलं आणि एक चक्क भोपळ्याचं. शेतातल्या चाचण्यांत त्या झाडांचं वजन साध्या झाडांपेक्षा ४० टक्क्यांच्या आसपास जास्त भरलं. अर्थात ती तंबाखू होती, आणि वजन सगळ्या झाडाचं होतं, दाण्याचं नव्हे. गव्हापर्यंत आणि मग सुप्यापर्यंत यायला किती वर्षं लागतील, कोण सांगणार? पण त्यांनीही रिवर्क बंद केला नाही, हे मला महत्त्वाचं वाटलं. त्याचा रस्ता तेवढा जवळचा केला.

*

हे सगळं आप्पांना सांगायला मला पंधरा दिवस लागले. तुकड्या-तुकड्यांनी, धारा काढताना, मोटारीची वाट पाहताना. रुबिस्कोचं नाव मी घेतलंच नाही. पानात एक कामकरी आहे, मंद आहे आणि त्याला नीट दिसत नाही, असं सांगितलं. ज्वारीचं सांगून झालं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले.

"म्हणजे म्हातारी दळण निवडती तसं," ते म्हणाले. "नजर गेलेली. गहू तिच्यापुढं खड्यांसकट सूप ठेवतो. ती चार दाण्यांमागं एक खडा घेती. ज्वारी आधीच खडे काढून निव्वळ दाणे ठेवती."

मी चार वर्षांत वाचलेल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा हे सोपं होतं.

"आणि खडा घेतला तरी गहू तो फेकत नाही," मी म्हणाले. "फोडून त्यातलंही काही वापरतो."

"मग त्याला वाया का म्हणती पुस्तकात?"

"लिहिणाऱ्यांनी फक्त गेलेला एक मोजला," मी म्हणाले. "आलेले तीन मोजले नाहीत."

हे बोलताना मी गव्हाबद्दलच बोलत होते. पण आप्पांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं, आणि म्हणाले, "हं." त्यानंतर पाहुण्यांपुढं त्यांनी 'तीन वर्षं' हा विषय काढलेला मी ऐकला नाही. कुणी काढला तर म्हणतात, "शिकली की. मला शिकवती आता."

माझ्या ज्ञानानं आमच्या शेतीत क्रांती झाली, असं लिहायला छान वाटलं असतं. तसं झालं नाही. २०२३ चा पाऊसच कमी झाला. तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. विहिरीनं तळ दाखवला, आणि गहू दहा गुंठ्यांवर आला. उरलेल्या रानात ज्वारी. ते पाण्यानं ठरवलं, विकरांनी नाही. ज्वारी उपटायला माणसं मिळेनात, कारण सगळी तरणी माणसं एमआयडीसीत बारा-बारा तास. आम्ही रविवारी घरचेच उतरलो. संध्याकाळी माझे हात उघडत नव्हते. ज्वारी कमी पाण्यात येते हे खरं, पण ती माणसाचं पाणी काढते. लोक ती का सोडतात, हे मला त्या दिवशी पाठीनं कळलं. आईनं त्या वर्षी पहिल्यांदा गहू विकत आणला.

त्याआधी, जानेवारीत, आम्ही हुरडा केला होता. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजून आप्पा तळहातावर चोळत होते, तसंच, जसं त्यांनी वर्षापूर्वी गव्हाची ओंबी चोळली होती. या वेळी फुंकर मारल्यावर हात भरलेला होता. पुण्याहून आलेल्या माझ्या मावसभावाला ते म्हातारीची आणि खड्यांची गोष्ट सांगत होते, माझं नाव न घेता, जणू त्यांचीच.

मग एकदम माझ्याकडं वळले. "कांदा कशात बसतो गं? ज्वारीच्या बाजूला का गव्हाच्या?"

"गव्हाच्या," मी म्हणाले.

रानात दीड एकर कांदा उभा होता. निर्यातबंदीला महिना झाला होता आणि भाव खाली खाली चालला होता. आप्पांनी एक कणीस उलटं केलं, आरात सरकवलं.

"कांद्याला पान नाय मारत," ते म्हणाले. "त्याला मारणारे दुसरे हायेत. ते तुझ्या वहीत नसतील."

"नाहीत," मी म्हणाले.

"मग तेबी शीक," ते म्हणाले, आणि भाजलेलं कणीस माझ्या हातावर ठेवलं.